सिन्योरांच्या कपाटातलं पुस्तक

माझ्या अब्बांनी एका कागदावर सही केली आणि एक बाई सौदी अरेबियातून कायमची बाहेर गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी घराचं, जेवणाचं, चित्रांचं लिहीत बसले तरी वाचणाऱ्याला विसर पडायला नको की हे सगळं मी रागाने लिहिते आहे. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आता साठी उलटली. रत्नागिरीच्या कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवून झाला, गुडघे गेले, चष्म्याचा नंबर वाढला, पण राग काही कमी झाला नाही. इटलीचा धडा आला की माझा आवाज चढायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायच्या. बाईंना इटलीचं काय एवढं, असं त्यांना वाटत असणार.

आम्ही सौदीतल्या खोबर शहरात, थुगबा वस्तीत राहायचो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत एक म्हातारा एसी, तो गिरणीसारखा घरघरायचा आणि त्याच्या नळीखाली ठेवलेली बादली दिवसातून दोनदा भरायची. त्या पाण्याने अम्मी फरशी पुसायची. अम्मीचं अर्धं आयुष्य त्या दोन खोल्यांत गेलं. गावाहून येणारा प्रत्येक माणूस सुकट आणि तांदळाचं पीठ घेऊन यायचा. अम्मी भाकऱ्या थापायला बसली की तो थप थप आवाज एसीच्या वर ऐकू यायचा. सुकट तव्यावर पडली की खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाई वर यायच्या, वास येतो म्हणून तक्रार करायला नव्हे, वाटी घेऊन. अब्बा एका इटालियन कंत्राटी कंपनीत ड्राफ्ट्समन होते. पाइपलाइनचे नकाशे काढायचे. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. घरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ असं सुरेख लिहिलेलं असायचं. अब्बांना दोनच गोष्टींची काळजी असे, पेनांची टोकं सुकू नयेत आणि इकाम्याची मुदत संपू नये. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा, आणि चालताना मधूनच त्यांचा हात तिथे जायचा. अजूनही जातो, आता खिशात काही नसलं तरी.

कंपनीचा कॅम्प शेजारच्या धाहरान शहराच्या बाहेर होता. भिंतीच्या आत पांढरी घरं, थोडी हिरवळ, आणि बाहेर जे चालत नाही ते बरंचसं आत चालायचं. बायका उघड्या डोक्याने सायकली फिरवायच्या. दर गुरुवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मुख्य इंजिनिअरच्या पत्नी तिथे कर्मचाऱ्यांच्या मुलांना चित्रकला शिकवायच्या. सगळे त्यांना सिन्योरा, म्हणजे इटालियनमध्ये बाईसाहेब, म्हणायचे, मीही म्हणायचे. मला तिथे नेलं अब्बांनीच. मी वहीच्या मागे काढलेली आमच्या गल्लीतली बकाल्याची दुकानं, म्हणजे आपली किराणा मालाची दुकानं, त्यांनी ऑफिसात नेऊन साहेबांना दाखवली होती. पहिल्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि सिन्योरांसमोर ते इतके वाकून उभे होते की मला लाज वाटली. सिन्योरा उंच, हाडकुळ्या, पिकल्या केसांच्या, बोटांना कायम रंग. माझी वही त्यांनी शेवटच्या पानापर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, “ही मुलगी बघते. काढायला मी शिकवीन.” अब्बा बसमध्ये हे वाक्य तीनदा बोलले.

चित्रकला नावालाच होती. बाकीची मुलं आंबे-केळी रंगवून बाराला पळायची, मी थांबायचे. सिन्योरा जाड काळी कॉफी करायच्या, मला दूध घातलेली द्यायच्या, आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्यांचा देश सांगायला लागायच्या. सनावळ्या आणि लढाया त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. व्हिडिओवर एक काळापांढरा सिनेमा लावायच्या, त्यात दक्षिणेतलं एक कुटुंब दोरीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या बॅगा घेऊन उत्तरेच्या स्टेशनवर उतरतं आणि कुणी त्यांच्याकडे बघतही नाही. मी म्हटलं, ही तर आमच्या गावची माणसं, आमच्या खोक्यांनाही अशाच दोऱ्या असतात. सिन्योरा हसल्या नाहीत. म्हणाल्या, “युद्धाने स्टुडिओ मोडले होते, नट परवडत नव्हते, म्हणून आमच्या लोकांनी रस्त्यावरची माणसं घेतली. तेव्हा कुठे आम्हाला आमचे चेहरे दिसले.” त्याच्या आधी वीस वर्षं सिनेमात फक्त गुळगुळीत दिवाणखाने आणि पांढरे टेलिफोन होते, कारण गरिबी दाखवायची नाही असा हुकूमशहाचा आग्रह. एखादी कादंबरी घेऊन त्या ओळीओळीने इंग्रजीत सांगायच्या. हुकूमशहाचे काळे शर्टवाले विरोधकांच्या घशात एरंडेल ओततात, शिकलेल्या माणसांना दूरच्या दरिद्री गावांत नेऊन ठेवतात, आणि तिथे त्या शिकलेल्यांना पहिल्यांदा आपला देश कळतो. आमच्या शाळेच्या पुस्तकात इटली दोन पानांत एक होत होती आणि तिथेच संपत होती. ही इटली तिच्या पुढची होती.

एकदा त्यांनी आपल्या वडिलांचं सांगितलं. ते शाळामास्तर होते. नोकरी टिकवायची तर सत्तेतल्या पक्षाचं कार्ड घ्यावं लागे, शपथ घ्यावी लागे. लोक त्या कार्डाला भाकरीचं कार्ड म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी ते घेतलं. शेजारच्या मास्तरने घेतलं नाही, त्याला उचलून नेलं. “मी वडिलांची भाकरी खाल्ली आणि त्यांच्यावर रागावले,” सिन्योरा म्हणाल्या, “दोन्ही एकाच ताटात.” मला ते फार आवडलं. मी ठरवलं, आपण असल्या बापाची मुलगी व्हायचं नाही. सोळाव्या वर्षी हे ठरवायला काही लागत नाही.

आता त्या पुस्तकाकडे येते. त्यांच्या काचेच्या कपाटात खालच्या फळीवर चित्रांचं एक मोठं पुस्तक होतं, युद्धानंतरच्या चित्रकारांचं. त्यात दोन पानं भरून एक चित्र होतं. भाताचं खाचर, गुडघाभर पाणी, आणि ओळीने वाकलेल्या बायका, परकर वर खोचलेले, मांड्यांपर्यंत पाय उघडे, पायांवर चिखल. उत्तर इटलीत हजारो बायका दर वर्षी भाताच्या कामाला जायच्या, संप करायच्या, गाणी म्हणायच्या, सिन्योरांनी सांगितलं. मी त्या पानावरून हलेना. इटलीत भात लावतात हेच मला माहीत नव्हतं. आमच्या गावी माझी दादी, अब्बांची आई, अशीच खाचरात उभी असायची, लुगडं खोचून, कमरेतून वाकून. तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा मला पाठ होत्या. मला हे चित्र अम्मीला दाखवायचं होतं. अम्मीला कॅम्पचा पास मिळत नसे, तो फक्त शिकणाऱ्या मुलांना. आणि एका गुरुवारी ते पुस्तक माझ्या दप्तरातून थुगब्याला आलं.

अम्मी भाकऱ्या करत होती. मी पुस्तक ओट्याशेजारी उघडलं. तिने पिठाचे हात वर धरले आणि वाकून बघितलं. “अगो, ही तर आपली लावणी! कुठल्या गो ह्या बायका?”

“इटलीतल्या.”

“काय सांगतंस! तिकडे पण कंबर मोडून घेतात?” मग तिने नीट बघितलं. “ही कडेची नवी हाय. बघ ना, रोपं कशी धरलीय. हिला मुकादमीण ओरडणार.” आणि मग, मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं ते लावणीच्या वेळचं गाणं अम्मी गुणगुणायला लागली, एसीच्या घरघरीत, थुगब्याच्या त्या खोलीत. तवा तापून धूर यायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं. माझ्या आईला आनंदाने इतकं भान विसरलेलं मी त्या घरात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

अब्बा आले, तेव्हाही पुस्तक उघडंच होतं. त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आधी दार लावलं, मग पडदा ओढला. “हे बाहेर आणलंस? गेटवर कुणी बघितलं?” कुणी बघितलं नव्हतं, बाहेर पडताना तपासत नसत, आत जाताना तपासत. म्हणजे परत नेणं हीच पंचाईत. अब्बा खाटेवर बसून राहिले. मग उठून त्यांनी आपला नकाशांचा काळा मार्कर काढला. इथे येणाऱ्या परदेशी मासिकांत बायकांचे उघडे हात-पाय कस्टमवाले काळे करतात, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. अब्बांना वाटलं, आपणच आधी काळं केलं की कुणाला काळं करायचं उरणार नाही. अम्मी म्हणाली, “अवो, दुसऱ्याचं पुस्तक हाय.” त्यांनी ऐकलं नाही. पट्टी घेऊन, नकाशाला शोभेल अशा सफाईने, त्यांनी एकेका बाईचे पाय पुसून टाकले. अर्धा तास लागला. एकही रेघ बाहेर गेली नाही.

मला हे आजही सहन होत नाही. ज्या पायांवर उभं राहून त्यांच्या आईने त्यांना मोठं केलं, शाळेत घातलं, बोटीत बसवलं, तेच पाय होते ते! अब्बांना ते ओळखता आले नाहीत असं नाही. ओळखले, आणि तरी काळे केले. मी ओरडले, “दादी पण अशीच उभी राहते, तिला पण काळं फासा!” त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा. मग शनिवारी सकाळी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून ते स्वतः कॅम्पवर घेऊन गेले, मलाही बरोबर नेलं, सिन्योरांची माफी मागायला.

गेटवर एक तरुण सौदी शिपाई होता. त्याने कागद सोडला आणि पानं चाळायला लागला. इतकी चित्रं त्याने निवांत उलटली, त्याला काही पडलेलं नव्हतं, आणि मग ते पान आलं. गुळगुळीत कागदाने शाई धरली नव्हती, दोन दिवसांनीही ती बोटाला सुटत होती. त्याच्या अंगठ्याला काळं लागलं. त्याने अंगठा पाहिला, पान पाहिलं, मग अब्बांकडे पाहिलं. कस्टमचं काळं जुनं असतं, हे ताजं होतं. म्हणजे हे वाईट आहे हे कुणाला तरी ठाऊक होतं, आणि लपवायचंही होतं. उघडं राहिलं असतं तर त्याने पान उलटलं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आमच्या माणसांचं हे असंच. कुणी मागायच्या आधी आम्ही डोकं काढून देतो, आणि मग देणाऱ्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं.

गेटशेजारच्या केबिनमध्ये आम्हाला बसवलं. सुरक्षेचा अधिकारी अरबीत बोलायचा आणि एक हैदराबादी कारकून हिंदीत सांगायचा. पुस्तक कुणाचं, बाहेर कसं आलं, मुलींना अजून काय दाखवतात. मला एकच प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. मग अब्बांसमोर कागद आला. कारकून म्हणाला, “भाईसाब, साइन कर दो, मामला खलास. नहीं तो इकामा का लफडा हो जाएगा.” कागदावर असं होतं की या बाई मुलींना अश्लील चित्रं देतात. अश्लील! अब्बांनी खिशाला हात लावला, मग पेन उचललं आणि आपल्या छापल्यासारख्या अक्षरात सही केली. सिन्योरांना कुणी काही विचारलंच नाही. त्यांच्या नवऱ्याला बोलावून सांगितलं, करार संपला. दहा दिवसांत दोघांच्या पासपोर्टवर कायमचं बाहेर जाण्याचा शिक्का बसला. गुरुवारचे वर्ग बंद झाले. मला निरोपही घेता आला नाही, माझा पास काढून घेतला होता. अब्बांना त्या वर्षी बढती मिळाली. सहीमुळे नव्हे, असं ते म्हणायचे. सिन्योरांच्या वडिलांची गोष्ट मला तोंडपाठ होती, आणि ती माझ्याच घरात, सुकटीच्या वासात घडली होती. मी तीन महिने अब्बांशी बोलले नाही. नंतर बोलले, पण ‘अब्बा, जेवायला चला’ याच्या पलीकडे फारसं नाही. असं चाळीस वर्षं.

दोन वर्षांपूर्वी खोबरला गेले. माझा धाकटा भाऊ सलीम तिथे बँकेत आहे, अब्बा व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे होते. पंच्याऐंशी वर्षांचे, काठी घेऊन. अम्मी आता हयात नव्हती. सलीम मोठ्या हौसेने म्हणाला, “आपा, मॉलमध्ये इटालियन सिनेमे लागलेत, जुने. तुझ्या आवडीचे.” तिकिटं काढलीच होती. मॉलमध्ये! ज्या गावातून एका बाईला एका पानासाठी हाकललं, त्या गावात थंडगार थिएटर, मऊ खुर्च्या, कॅरॅमलचे पॉपकॉर्न, दारावर तिकीट फाडायला चुणचुणीत सौदी मुली. शेजारी कॉलेजातली पोरं-पोरी एकत्र बसून हसत होती. त्यांचं काही चुकलं नाही, हसावंच त्यांनी. पण माझं डोकं फिरलं. पडद्यावर एक बाई नदीवर कपडे धूत होती, परकर गुडघ्याच्या वर. कुणी हूं की चूं केलं नाही. अब्बांनी शेवटपर्यंत पाहिला सिनेमा, पॉपकॉर्न एकेक करून खात.

सलीम गाडी आणायला गेला. आम्ही दोघं खाली बाकावर बसलो. अब्बा म्हणाले, “चांगला होता. ह्यात वाईट काय होतं?”

मी फुटलेच. “वाईट काय होतं? हे तुम्ही विचारता? चाळीस वर्षांपूर्वी विचारायचं होतं! त्या केबिनमध्ये विचारायचं होतं! आपल्या आईचे पाय अश्लील म्हणून सही करून आलात तुम्ही.” लोक वळून बघायला लागले. बघेनात का.

अब्बांनी मला बोलू दिलं. मग काठीची मूठ पुसत म्हणाले, “नसीम, एक विचारू? त्या बाईनी ते पुस्तक तुला दिलं नव्हतं ना?”

इथपर्यंत मी अब्बांवर राग काढत लिहीत आले. आता उरलेलं लिहायला हवं. पुस्तक दप्तरातून थुगब्याला आलं असं मी लिहिलं, पण पुस्तकं आपणहून येत नाहीत. सिन्योरा कॉफी आणायला आत गेल्या होत्या, तेव्हा मी कपाट उघडून ते घेतलं. मागितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, हे मला माहीत होतं, त्यांचा नियम होता. केबिनमध्ये तो हैदराबादी कारकून माझ्याकडे वाकून म्हणाला, “बेटी, डरो मत. ये किताब मैडम ने दी?” चोरी म्हटली की हात, एवढंच आम्हा शाळेतल्या मुलांना त्या देशाच्या कायद्याचं ज्ञान होतं. मी माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हटलं, “जी, मैडम ने दी.” कागदावर जे लिहिलं ते माझ्या त्या चार शब्दांवर लिहिलं. हे मी अम्मीला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, आणि तीस वर्षं वर्गात इटलीतल्या सह्या करणाऱ्या मास्तरांवर तावातावाने बोलत राहिले.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“तेव्हाच. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, पुस्तकं दाराबाहेर जायची नाहीत म्हणून. मी त्या कारकुनाला बाजूला घेऊन विचारलं, दिलं नसेल तर काय लिहाल? तो म्हणाला, मग चोरी लिहू, मुलीच्या नावाने. दोनच शब्द होते नसीम, चोरी नाहीतर अश्लील.”

“मग मला सांगितलं का नाहीत? इतकी वर्षं मी तुम्हाला...”

“तू सांगशील म्हणून थांबलो.”

मला त्यांचा संताप आला. इतकी वर्षं माझा राग निमूट सोसला म्हणून संताप आला, आणि तो सोसणं त्यांना शोभून दिसत होतं म्हणून जास्तच. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, “झालं ते झालं, बेटा. मी काही मनात धरलं नाय.”

मी हात काढून घेतला. “तुम्ही मनात धरायचं नव्हतंच, अब्बा. आपलं काय झालं? तुमची नोकरी राहिली, सलीमची शाळा राहिली, मी शिकले. जे झालं ते त्यांचं झालं. आणि त्यांना काय झालं ते आपण कधी विचारलंसुद्धा नाही.”

अब्बांनी मान हलवली. सिन्योरा असतील तर नव्वदीच्या पुढे असतील. नसतील तर आपल्याला कुणी आणि का घालवलं हे कळल्याशिवायच गेल्या असतील. तेवढ्यात सलीमने काचेपलीकडून हॉर्न वाजवला. मी अब्बांना काठी दिली, गाडीत बसवलं, त्यांचा पट्टा लावला. घरी भावजयीने जेवण मांडून ठेवलं होतं. आम्ही हात धुतले आणि पोटभर जेवलो.